बाप्तिस्मा : घेतला, दिला की झाला?

प्रश्न असा आहे : ‘बाप्तिस्मा’ म्हणजे ख्रिस्ती लोकांचे बारसे समजावे की धर्मांतराचा विधी, आणि तो ‘घेतला’ म्हणावे की ‘झाला’?

बारसे हा अर्थ सरळच बाजूला ठेवावा. तान्ह्या बाळाच्या कॅथलिक विधीत धर्मगुरू आरंभी आईवडिलांना बाळाचे नाव विचारतात हे खरे, परंतु त्यापाठोपाठ ‘या बाळासाठी तुम्ही चर्चकडे काय मागता?’ असा दुसरा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर ‘बाप्तिस्मा’ असे असते. म्हणजे नाव घरी आधीच ठरलेले असते. चर्चकडे मागितलेली गोष्ट वेगळीच असते.

ती कोणती, हे शब्दाच्या प्रवासावरून कळते. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे, बुचकळणे. बायबलातील मार्काच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रग्रंथात) सातव्या अध्यायात प्याले, घागरी आणि पितळी भांडी धुण्यासाठी याच कुळातले नाम आले आहे. आणि त्याच पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात येशू, मानाच्या जागा मागणाऱ्या याकोब व योहान या शिष्यांना, ‘जो बाप्तिस्मा मला घ्यायचा आहे तो तुम्हांला घेता येईल काय?’ असे विचारतो, तेव्हा तो आपल्या यातना आणि मरण यांविषयी बोलत असतो. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हा धागा पुढे नेला : बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे. चौथ्या-पाचव्या शतकांतील बाप्तिस्म्याच्या अनेक कुंडांना खाली उतरण्याच्या पायऱ्या होत्या आणि पुष्कळ बाप्तिस्मागृहे अष्टकोनी बांधली गेली, कारण आठवडा संपल्यावर येणारा ‘आठवा दिवस’ हा पुनरुत्थानाचा, म्हणजे येशू मरणातून उठल्याचा, दिवस मानला जाई. पापक्षालनाचा अर्थ यात आहेच. पण बाप्तिस्म्याला केवळ शुद्धीचे स्नान म्हटले, तर मरणाची बाजू सुटते. कॅथलिक मराठीत रूढ असलेला ‘स्नानसंस्कार’ हा शब्द सुबोध आहे, मात्र त्याची मर्यादाही हीच, असे मला वाटते.

धर्मांतर हा अर्थही अर्धाच लागू पडतो. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलालाही बाप्तिस्मा लागतो, कारण जन्माने कोणी चर्चचा सभासद होत नाही. उलट बाप्तिस्मा झालेला प्रॉटेस्टंट मनुष्य कॅथलिक झाला तर त्याला तो सहसा पुन्हा देत नाहीत. ‘पापक्षमेसाठी एकच बाप्तिस्मा’ हे शब्द 381 सालच्या मतांगिकारातले, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या अधिकृत कबुलीतले, आहेत. म्हणून ‘त्याने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला’ हे वाक्य जपून लिहावे. 1525 साली झुरिचमध्ये ज्यांनी प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला, त्यांना विरोधकांनी ‘पुनर्बाप्तिस्मावादी’ हे नाव चिकटवले. त्यांच्या स्वतःच्या मते मात्र बालपणीचा विधी हा बाप्तिस्माच नव्हता, कारण त्यात बाळाचा विश्वास नव्हता.

आता क्रियापदाकडे वळू. पाश्चात्त्य परंपरेत पाणी घालताना विधी करणारा म्हणतो, ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो’. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तीनदा बुडवताना, ‘देवाचा सेवक अमुक याचा बाप्तिस्मा होत आहे’ असे म्हणतात आणि देणाऱ्याचा ‘मी’ उच्चारातच येत नाही. तेव्हा ‘देणे’ आणि ‘होणे’ या दोहोंना विधीचाच आधार आहे. मराठी बायबलातील ‘बाप्तिस्मा करणारा योहान’ यामुळे ‘करणे’ही परके नाही. ‘घेणे’ हे प्रौढ व्यक्तीच्या निर्णयाला शोभते. तान्ह्या बाळाविषयी ‘बाप्तिस्मा झाला’ हेच बरे. ‘घेणे’ याचा अर्थ स्वतःच स्वतःला देणे असा मात्र नव्हे. 1609 साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये जॉन स्मिथ या इंग्रज धर्मोपदेशकाने स्वतःचाच बाप्तिस्मा केला, आणि पुढे त्यालाच त्या बाप्तिस्म्याच्या योग्यतेविषयी शंका आली.

आधीचा बाप्तिस्मा झाला की नाही याचा उलगडा होत नसेल, तेव्हा विधीची भाषा कमालीची काटेकोर होते. कॅथलिक चर्चमध्ये अशा वेळी सशर्त वाक्य उच्चारतात : ‘जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो’, एकाच वाक्यात ‘होणे’ आणि ‘देणे’ दोन्ही.