गोधडीची डोक्याकडची बाजू

प्रिय मनू,

फ्रिजवर लावलेली तुझी चिठ्ठी काल रात्री वाचली. “बाबा, सेंट जेकब्सच्या बाजारात पाहिलेल्या क्विल्टचे टाके सगळे सारखे होते. आपली गोधडी वाकडीतिकडी आहे, आता तर फाटलीसुद्धा. मग नवी का नाही घेत? मराठी लोक जुनं काही टाकतच नाहीत का?”

टाकतो की. माळ्यावर टाकतो.

आता खरं सांगतो. गोधडी फाटली नाही, मी फाडली. आजी दहा वेळा म्हणाली होती, की तिला मशीनमध्ये घालू नकोस. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय. पण गोधडी भिजली की दगडासारखी जड होते, आणि मशीन ती गरागरा फिरवतं. आधीच विरलेला वरचा काठ दोन वीत उसवला आणि आतलं धोतर बाहेर लोंबायला लागलं. पणजोबांचं धोतर, बरं का. ते कधी पाहायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

बाजारातल्या त्या मेनोनाइट (इथला एक ख्रिस्ती पंथ) बायकांची क्विल्ट सुंदर असते, वादच नाही. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवतात, चौकटीभोवती बसून शिवतात, आत मऊ थर भरतात, वरचे तुकडे मापाने कापलेले असतात. आपल्या गोधडीला चौकट नाही, जमीन आहे. आत कापूसही नाही. वर लुगडं, खाली लुगडं, मधे जे काही विरलेलं सुती घरात असेल ते. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचं अंथरूण आयतं तयार. आमच्या कराडकडे जुनी माणसं तिला वाकळ म्हणतात.

ही वाकळ शिवली तेव्हा मी दुसरीत होतो. उन्हाळ्याची सुट्टी होती. सोप्यात लुगडं अंथरून, सुरकुत्या हाताने काढून, एका कोपऱ्यावर पाटा, दुसऱ्यावर वरवंटा, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर मी आणि तुझी आत्या. आम्हाला हलायची परवानगी नव्हती. पणजी काठापासून धावदोरा घालायला लागायची. चारही बाजूंनी फिरत फिरत, एकात एक चौकोन करत, शेवट मध्यावर. शेजारच्या बायका दुपारी येऊन एकेक बाजू धरायच्या. म्हणून टाके सारखे नाहीत. तुझ्या पायाकडच्या डाव्या कोपऱ्यात लांब लांब टाके आहेत ना, ते शेजारच्या काकूंचे. पणजी त्यांना म्हणाली होती, “टाका हाय का ढांग?” काकू हसल्या आणि तशाच शिवत राहिल्या. बारीक, तांदळाएवढे टाके पणजीचे. अंधारात हात फिरवून मला अजून ओळखता येतात.

डोक्याकडच्या बाजूला पणजीने इरकलीचा लाल काठ फाडून लावला होता. लुगडं मधे विरून जाळी होतं तरी काठ टिकतो, कारण तो दाट विणलेला असतो. पण तोसुद्धा किती टिकणार? झोपेत आपण गोधडी ओढतो ती याच बाजूने, हनुवटीखाली धरतो तीही हीच.

तर दुरुस्ती. मी आधी दुकानातून नवं, चांगलं जाड कापड आणलं आणि फाटलेला भाग सरळ कापून टाकायला कात्री घेतली. नशीब, व्हिडिओ कॉल चालू होता. आजी ओरडली, “अरे, कात्री ठेव खाली!” विरलेलं कापायचं नसतं, झाकायचं असतं. कापलं की आतले सगळे पदर सुटतात आणि गोधडी दर खेपेला चार बोटं आखूड होते. नवं कापडही तिने परत करायला लावलं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटून बसलेलंच असतं. मग नवं ठिगळ ओढ घेतं आणि त्याच्या कडेने जुनं फाटतं. शंभर वेळा धुतलेलं काहीतरी शोध, म्हणाली.

कॅनडात शंभर वेळा धुतलेलं सुती कापड आमच्या घरात एकच निघालं. माझी चौकड्यांची लुंगी. तू लहानपणी जिला टेबलक्लॉथ म्हणायचीस ती.

तिची दहा बोटं रुंद पट्टी फाडली. कापली नाही, फाडली. फाडली की धाग्याच्या रेषेत सरळ जाते. दोन्ही कडा एकेक बोट आत मुडपल्या आणि उरलेली पट्टी काठाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं बसवली. हे महत्त्वाचं: टाका विरलेल्या कापडात पडला तर दोन महिन्यांत पुन्हा उसवतो, म्हणून पट्टी धडक्या कापडापर्यंत पोचली पाहिजे. दोरा दुहेरी, गाठ पदरांच्या आत. माझा दोरा सारखा गुंतत होता. आजी म्हणाली, “आळशाचा दोरा लांब.” हातभर घेतला, मग गुंता थांबला. घट्टही ओढायचा नाही, नाहीतर काठाला चुण्या पडतात. माझ्या काठाला पडल्यात. ढांगाही आहेत.

दोन रात्री लागल्या. बोटाला तीनदा सुई टोचली.

यापुढे मशीन बंद. आमच्याकडे नवरात्राआधी घरातल्या सगळ्या गोधड्या कृष्णेवर जायच्या. दोघींनी दोन टोकं धरून पिळायच्या आणि वाळवंटात पसरायच्या. आपल्याकडे बाथटब आहे. एक टोक तू धरायचंस.

तुझा दुसरा, चिठ्ठीत नसलेला प्रश्नही मला माहीत आहे, कारण तो तू आईला विचारलास: लाल काठ कायम डोक्याकडेच का? पायाकडची बाजू तोंडावर घ्यायची नाही म्हणून. अंधारातही कळावं यासाठी पणजीने लाल काठ एकाच बाजूला लावला.

आता त्या लाल काठावर लुंगी आहे. तुझी आई म्हणाली, “म्हणजे पोरीने लुंगी तोंडावर घेऊन झोपायचं?” मी आजीला विचारलं. ती म्हणाली, “धुतलेली आहे ना? मग झालं.”

तुझा,
बाबा