एकदा दाबला, दोनदा उमटला

प्रश्न : माझा मेकॅनिकल कीबोर्ड तीन वर्षं उत्तम चालला. पावसाळा लागल्यापासून 'क' एकदा दाबला तरी 'कक' उमटतो. नवा घ्यावा का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मुळीच नको! या कीबोर्डचं मोठेपण हेच, की प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो आणि बिघडलेला तेवढाच बदलता येतो.

स्विचमधल्या धातूच्या दोन पात्या टेकताना क्षणभर थरथरतात. ही थरथर साधारण ५ मिलिसेकंदांत थांबायला हवी. दमट हवेत पात्यांवर धूळ-मळ बसला की ती लांबते आणि एका दाबाचे दोन मोजले जातात.

आधी केबल काढा. पुलरने (टोपी उपसायच्या चिमट्याने) कळीची टोपी सरळ वर ओढा, तिरकी नाही. स्विच दाबून धरून फटीत ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोनच थेंब सोडा, पन्नासेक वेळा खाली-वर करा, तासभर वाळू द्या. तेलकट स्प्रे अजिबात नको. त्यावर धूळ आणखी चिकटते.

तरी फरक पडला नाही तर स्विच बदला, पण जुन्याच रंगाचा; रंगावरून स्विचचा प्रकार कळतो. चेरी या कंपनीचा लाल स्विच सुमारे ४५ ग्रॅम दाबाला लागतो, तपकिरी ५५ला. बोटांना हे लगेच जाणवतं. हॉट-स्वॅप कीबोर्डात स्विच नुसता उपसून निघतो. नवा बसवताना दोन्ही पिना सरळ आहेत ना, ते नीट पाहा. वाकलेली पिन सॉकेटबाहेर दुमडते आणि कळ मुकीच राहते. स्विच डाग देऊन बसवलेला असेल तर सोल्डरिंग आयर्न आणि वितळलेला डाग ओढून घेणारा डिसोल्डरिंग पंप लागेल. दोन्ही पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात.