शहात्तराव्या वर्षी ऑपरेशन करायचं का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. बायोप्सीत कॅन्सर निघाला. रिपोर्टमध्ये गाठ १.८ सेंटिमीटर, ईआर ९० टक्के, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असं आहे. काखेत काही लागत नाही, सोनोग्राफीतही नाही. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. थोरले दीर म्हणतात, या वयात चिरफाड नको, गोळ्यांवर ठेवू. पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, केमो, रेडिएशन सगळं करा, काही बाकी ठेवू नका. सासूबाईंना आम्ही ‘साधी गाठ आहे’ एवढंच सांगितलंय. काय करावं?
– एक सून, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही रिपोर्ट अगदी नीट उतरवून पाठवलाय, पण सासूबाई दिवसभर काय करतात ते पत्रात कुठेच नाही. मला आधी तेच विचारायचंय. खुर्चीतून हाताचा टेकू न घेता उठतात का? देवळापर्यंत एकट्या जाऊन येतात का? गोळ्या आठवणीने स्वतः घेतात का? वर्षभरात कुठे पडल्या का, वजन उतरलं का? नुसतं वय ऐकून मी काहीच ठरवत नाही. ७६ वर्षांची हिंडतीफिरती बाई सहज आणखी दहा वर्षं काढू शकते, आणि तिच्या गाठीला ‘आता कशाला’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

त्याला कारण माझी आत्या. मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. घरच्यांनी ठरवलं, सत्तरीत ऑपरेशन नको. गाठ फुटून जखम झाली. आत्या जुन्या नऊवारीच्या घड्या करून चोळीत ठेवायची, दिवसातून चार वेळा बदलायची आणि वास येऊ नये म्हणून मोरीत त्या वेगळ्या धुवायची. शेवटी शेवटी ती पंगतीला बसेना. मरणाची तिला भीती नव्हती, पण त्या वासाने ती खचली.

म्हणून दिरांना सांगा, ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी, त्यामुळे हार्मोन रोखणाऱ्या नुसत्या गोळ्यांनी ती आक्रसते हे खरं, पण काही काळाने ती पुन्हा वाढायला लागण्याची शक्यता असते. हृदय फार कमजोर असेल, माणूस अंथरुणाला खिळलं असेल, तर गोळ्यांचा मार्ग योग्यच. चालत्याफिरत्या बाईची गाठ काढून टाकावी. या ऑपरेशनमध्ये पोट किंवा छाती उघडावी लागत नाही, त्यामुळे वयस्कर बायका ते बऱ्यापैकी सोसतात. भूलतज्ज्ञांकडून ईसीजी, इको आणि शुगर आधी तपासून घ्या. एवढ्या लहान गाठीला बहुतेक वेळा पूर्ण स्तन काढावा लागत नाही.

नणंदबाईंची तळमळ मला कळते, पण सगळंच करायची गरज नसते. ईआर ९० टक्के आणि हर-टू निगेटिव्ह (म्हणजे गाठ वेगाने वाढवणारं हर-टू प्रथिन जास्त नाही) अशा लहान गाठीत, काख स्वच्छ असताना, म्हणजे आजार तिथे पसरलेला दिसत नसताना, या वयात केमोचा फायदा फार थोडा आणि त्रास बराच. रेडिएशनबद्दल तर चांगला पुरावा आहे. अमेरिकेत १९९४ ते १९९९ या काळात सत्तर आणि त्यापुढच्या ६३६ बायकांचा अभ्यास झाला. सगळ्यांची गाठ लहान, हार्मोनवर वाढणारी. सगळ्यांचं ऑपरेशन झालं, टॅमॉक्सिफेन ही हार्मोन रोखणारी गोळी सुरू झाली. निम्म्या जणींना रेडिएशन दिलं, निम्म्यांना नाही. दहा वर्षांनी, रेडिएशन घेतलेल्या ९८ टक्के बायकांत त्या जागी किंवा काखेत आजार परतला नव्हता, न घेतलेल्यांत ९० टक्के. हा फरक आहेच. पण जिवंत राहिलेल्या ६७ आणि ६६ टक्के, म्हणजे जवळपास सारख्याच. पुढे साडेबारा वर्षांच्या सुमारास हिशेब केला तेव्हा ३३४ जणी गेल्या होत्या, आणि त्यातल्या फक्त २१ स्तनाच्या कॅन्सरने. सासूबाईंची बीपी-शुगर सांभाळणं हेही उपचारच आहेत ते यासाठी.

रेडिएशन टाळायचं तर एक अट आहे : हार्मोन रोखणारी गोळी रोज, निदान पाच वर्षं. गोळी चुकवणार असतील तर हा हिशेब लागू नाही. लेट्रोझोलसारख्या गोळीने हाडं ठिसूळ होतात, म्हणून सुरू करण्याआधी हाडांची डेक्सा तपासणी करून घ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. टॅमॉक्सिफेन दिलं तर पायाला एकाएकी सूज आली किंवा अंगावरून रक्त गेलं की लगेच दाखवायचं.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचलं ते. सासूबाईंपासून लपवू नका. माझ्याकडे अशाच वयाच्या एक आजी आल्या होत्या. मुलगा दाराआड खुणा करत होता, ‘सांगू नका’. मी त्यांना विचारलं, ‘तुम्हाला काय झालंय असं वाटतं?’ म्हणाल्या, ‘कॅन्सर. पोरं कुजबुजत्यात, मला काय कळंना व्हय?’ मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला : ‘म्हशीची धार काढता येईल न्हवं?’

त्या एका प्रश्नाने काखेचा निर्णय झाला. काखेत मुळातच असणाऱ्या लसिकाग्रंथी सगळ्या काढल्या की काही जणींचा हात कायमचा सुजतो. सत्तरीपुढे, अशी लहान हार्मोनवाली गाठ असेल आणि काख तपासून स्वच्छ असेल, तर काखेला हात न लावणंही चालतं. आम्ही तसंच केलं. तुमच्या सर्जनना हे नक्की विचारा. आजींना काय हवंय हे मुलाला विचारून मला कधीच कळलं नसतं.

तेव्हा पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत सासूबाईंना बसवा. दीर, नणंदबाई, तुम्ही मागे. शक्य असेल तर वयस्कर रुग्णांची वेगळी तपासणी करणाऱ्या कॅन्सर विभागाचं मत घ्या. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये अशी सोय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन बसतं, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. आठवडा-दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही, पण दिवाळी होऊ दे, लग्न होऊ दे असं करत महिने घालवू नका.

डेक्साचा रिपोर्ट आला की मला पाठवा. आणि सासूबाई काय म्हणाल्या तेही लिहा, त्यांच्याच शब्दांत.