वाघ-शेळी गुण्यागोविंदानं राहतात असा प्राण्यांचा स्वर्ग कथांत, कार्टूनांत असतो. तो मुलांना खरा म्हणून सांगावा का?

आमचा बोका गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. दादानं तिला मांडीवर घेऊन सांगितलं, तो प्राण्यांच्या स्वर्गात गेलाय, तिथं कुणी कुणाला मारत नाही. तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "मग मामा, तो खातो काय?" दादा म्हणाला, "दूध." दूध! त्या बोक्याला जन्मभर दूध पचलं नाही. वाटीभर प्यायला की घरभर फडकं घेऊन मीच फिरायची. मेल्यावरही तेच? मी हे बोलले आणि वाद पेटला. "पोरीचा स्वर्गसुद्धा हिसकावलास," हे दादा आजही ऐकवतो. नऊ वर्षं झाली.

पण पोरीनं बरोबर बोट ठेवलं होतं. हे सगळे स्वर्ग जेवणाच्या वेळी अडतात. बायबलमध्ये यशयाच्या अकराव्या अध्यायात सिंह बैलासारखा गवत खातो. 1994 च्या 'द लायन किंग'मधला सिंबा किडे खाऊन आयाळ वाढवतो. युक्ती एकच, सिंहाचं सिंहपण काढून घ्या की झाला स्वर्ग. हरणाला मात्र कुणी काही सोडायला लावत नाही. त्यापेक्षा पतंजली मोजकं बोलतो : अहिंसा ज्याच्यात मुरली त्याच्याजवळ वैर गळून पडतं. भुकेबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

दादाचा हुकमाचा एक्का म्हणजे युधिष्ठिराचा कुत्रा. अहो, नीट वाचा! इंद्र त्याला आत घेतच नव्हता, आणि शेवटी तो निघाला साक्षात धर्म. खरा कुत्रा स्वर्गात शिरल्याचा दाखला तिथंही नाही.

पाळीव प्राणी गेला की लोक एकमेकांना धीर द्यायला पाठवतात ते 'इंद्रधनुष्याच्या पुला'चं टिपण 1959 साली स्कॉटलंडमधल्या एका मुलीनं आपल्या मेलेल्या कुत्र्यासाठी लिहिलं. त्यात प्राणी पुलाशी आपल्या माणसाची वाट बघत थांबतात. कुत्रा थांबेल हो. बोका?

रडणाऱ्या लेकरासमोर पहिल्या रात्री यातलं काहीही बोलू नका, तेवढं दादाचं खरं. पण मूल "खातो काय" विचारायला लागलं की थापा बंद करा.

आमच्या पोरीनं तोडगा स्वतःच काढला होता : उंदरांचा स्वर्ग वेगळा, आणि बोक्याच्या स्वर्गात उंदीर चावीचे. दादाला तो पटला नाही. त्यात दूध नव्हतं.