कृषी सल्ला : उगवलेली रोपं आडवी का पडतात?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक) : गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो, मिरची, झेंडूचं बी टाकलं. पंधरा दिवस झाले तरी मिरची उगवली नाही. टोमॅटो-झेंडू उगवले, पण आठ दिवसांत रोपं आडवी पडली. सकाळ-संध्याकाळ पाणी देते. बियाणं खराब निघालं का? आणि घरातले धणे पेरले तर चालतील का?

उत्तर : ताई, उगवण झाली म्हणजे टोमॅटो-झेंडूचं बियाणं चांगलंच होतं. पडलेलं एक रोप उपटून पाहा. मातीलगत खोड दोऱ्यासारखं बारीक, पाणचट आणि तपकिरी झालं असेल, तर ही मर आहे. मातीतली बुरशी ओल सतत राहिली की कोवळ्या रोपांना बुडातूनच धरते. त्यात कुंडीत आपली काळी माती भरली असेल, तर दोन वेळचं पाणी निचरतच नाही. ही माती द्राक्षाला, कांद्याला ठीक. बी रुजवायला नको. पडलेली रोपं काढून टाका, ती माती पुन्हा बियांसाठी वापरू नका.

नव्याने टाकताना दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत घ्या. त्यात चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पटच खोल टाका; बोटाच्या पेराएवढं खोल गेलेलं मिरचीचं बी वर येत नाही. वरचा थर सुकलेला दिसला की मगच पाणी, तेही फवाऱ्याने.

मिरचीची अजून आशा सोडू नका. थंडीत ती उशिरा उगवते. आपल्याकडचे नर्सरीवाले ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकने झाकतात, ते उबेसाठीच. तुम्हीही झाका, मात्र पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी काढा. एक दिवस विसरलात तरी रोपं लांबुडकी होतात.

टोमॅटोची रोपं २५-३० दिवसांनी, मिरचीची ३५-४० दिवसांनी हलवा. भेंडी, गवार, मुळा, गाजर मात्र जागेवरच टोका. मुळा-गाजर हलवलं की मूळ वाकडं होतं.

धणे चालतील, फार जुने नसावेत. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्याने हलकेच रगडून त्याच्या दोन डाळी करा. भरड होऊ देऊ नका. रात्रभर भिजवून पसरट कुंडीत पेरा. आठ-दहा दिवस काही दिसणार नाही, तोवर माती उकरून बघू नका.