'म' सापडला म्हणजे गणित संपलं नाही: वाचकांचे प्रश्न

परीक्षा जवळ आली की एकच शंका फिरून फिरून येते: वर्गसमीकरणासारखं न दिसणारं समीकरण वर्गसमीकरण म्हणून सोडवायचं कसं?

प्रश्न: क्ष⁴ − 13क्ष² + 36 = 0. दादा म्हणतो, चौथ्या घाताला सूत्रच नसतं.

ऐकीव गोष्ट. चौथ्या घाताची रीत फेरारी या इटालियन गणितज्ञाने शोधली आणि त्याचा गुरू कार्दानोने ती 1545 मध्ये छापली. इथे तीही नको. क्ष² = म धरा; म² − 13म + 36 = 0, म्हणून म = 4 किंवा 9. क्ष = ±2, ±3.

प्रश्न: 'म'ऐवजी दुसरं अक्षर चालेल?

चालेल. समीकरणात आधीच असलेलं नको.

प्रश्न: क्ष − √क्ष − 6 = 0 ची मुळे मला 9 आणि 4 मिळाली. उत्तरसूचीत फक्त 9 आहे. छपाईची चूक?

नाही, चूक तुमची आहे, आणि हीच मला सर्वांत जास्त सलते. √क्ष = म धरलंत, म = 3 किंवा −2 आलं, इथवर बरोबर. पण √ या चिन्हाचा अर्थ ऋण नसलेलं वर्गमूळ. √क्ष = −2 हे वास्तव संख्यांत होऊच शकत नाही. तुम्ही दोन्ही बाजूंचा वर्ग केलात आणि वजाचं चिन्ह तिथे पुसलं गेलं. 4 मूळ समीकरणात घालून पाहा: 4 − 2 − 6 = −4. शून्य नाही. ताळा एका ओळीचा असतो, तरी 'वेळ नव्हता' म्हणून मुलं तो गाळतात. दुसरी मुलं 'म = 3' लिहून थांबतात. विचारलाय क्ष! 'म' आपण सोयीसाठी आणला. क्षची किंमत काढून ती मूळ समीकरणात तपासल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू नका.

प्रश्न: 2(क्ष² + 1/क्ष²) − 9(क्ष + 1/क्ष) + 14 = 0. ऑनलाइन कोर्समधल्या 'झटपट युक्ती'ने वास्तव मुळेच येत नाहीत.

क्ष + 1/क्ष = म धरून पहिल्या कंसाला थेट म² लिहिलं असणार. तो म² − 2 आहे, कारण (क्ष + 1/क्ष)² चा विस्तार क्ष² + 2 + 1/क्ष² होतो. मग 2म² − 9म + 10 = 0; म = 2 किंवा 5/2; क्ष = 1, 2, 1/2. विस्तार न शिकवता युक्ती विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. वही शाळेतल्या बाईंना दाखवा.

प्रश्न: मुलीला अवयव पाडताच येत नाहीत. प्रिलिम झाल्यावर बघू का?

नको. उद्याच तिच्या गणिताच्या शिक्षकांना भेटा, आणि तिने सोडवलेली चुकीची गणितं न खोडता सोबत न्या.