जिओकॅशला ‘पुरलेला खजिना’ म्हणावं का?

जर्मनीत राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: मारिया लाख इथल्या जुन्या मठाजवळ एक जिओकॅश (जीपीएसच्या मदतीने दडवलेला डबा शोधण्याच्या खेळातला डबा) आहे, त्याबद्दल मराठीत लिहायचंय. ‘बेनेडिक्ट पंथाच्या भिक्षूंच्या विहाराजवळ पुरलेला गुप्त खजिना’ असं लिहिलं तर चालेल का?

वाक्य वाचायला झोकदार आहे, पण त्यातले बहुतेक शब्द बदलावेत असं मला वाटतं.

‘पुरलेला’ तर नकोच. जिओकॅश पुरायचा नाही, त्यासाठी जमीन खणायची नाही, हा या खेळाचा नियमच आहे. झाडाच्या ढोलीत, दगडाच्या सांदीत, बाकाखाली, असा तो दडवलेला असतो. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसालाही नेमकी जागा गाठता येऊ लागली. लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनच्या जंगलात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ती बादली अर्धवट पुरलेली होती हे खरं, पण पुढे खेळाने ती रीत सोडली.

‘खजिना’ही मला खटकतो. खजिना सापडला की माणूस तो घेऊन जातो. इथे डबा उघडायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि होता तिथे, होता तसा परत ठेवायचा. एखादी चीजवस्तू उचललीच तर तिच्या तोलाची दुसरी ठेवायची. ‘गुप्तधना’ला तर आपल्याकडे मांत्रिक आणि नरबळीचा असा वास आहे की तो शब्द इथे आणूच नये.

‘जिओकॅश’मधल्या ‘कॅश’चा मूळ शब्द फ्रेंच, ‘लपवणे’ या क्रियापदावरून आलेला. कॅनडातले फर गोळा करणारे फ्रेंच शिकारी परतीच्या वाटेसाठी शिधा खड्ड्यात दडवून ठेवत, त्या साठ्याला ते ‘काश’ म्हणत. याला मराठीत अगदी अचूक शब्द आहे: पेव. जमिनीत खोल खणून धान्य साठवायची जागा. आज तो फक्त ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ यात उरलाय, याचं मला फार वाईट वाटतं. जुन्या अर्थाच्या ‘काश’ला मी बेलाशक पेव म्हणेन. जिओकॅशला मात्र नाही, कारण पेव म्हटलं की खणणं आलं आणि साठाही आला.

मग काय म्हणावं? सरळ ‘डबा’ म्हणा. जर्मन खेळाडू आपसात बोलताना हेच करतात. त्यांचा ‘डोझं’ म्हणजे डबाच. पहिल्यांदा ‘जिओकॅश’ लिहा, पुढे ‘दडवलेला डबा’, मग नुसता ‘डबा’. ‘लपवलेला’ही चुकीचा नाही. पण माणूस रागही लपवतो आणि वयही. वस्तू मात्र सांदीकोपऱ्यात दडवतो. म्हणून ‘दडवलेला’ जास्त नेमका.

आता मठ. ‘विहार’ म्हटलं की मराठी वाचकाला बुद्धविहार दिसतो, त्यामुळे तो नको. ‘मठ’ बरोबर आहे, प्रमुखाला ‘मठाधिपती’ म्हणणंही शोभतं. पण आतल्या माणसांना ‘भिक्षू’ म्हणू नका. भिक्षेवर जगण्याचं व्रत फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन यांचं. बेनेडिक्टाइन आयुष्यभर एकाच मठात राहण्याची शपथ घेतात आणि स्वतःच्या श्रमावर जगतात. त्यांना ‘मठवासी’ हा शब्द चपखल बसतो. मारिया लाखला या श्रमाची एक खूण जमिनीखाली आहे. मठाशेजारचं सरोवर ज्वालामुखीच्या विवरात आहे आणि त्याला नैसर्गिक निकास नाही. पाणी चढून मठाला धोका होऊ नये म्हणून बाराव्या शतकात मठाधिपती फुलबर्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा बोगदा खणला गेला.

‘पंथ’ऐवजी ‘संघ’ म्हणा. पंथ म्हटलं की कॅथलिक, प्रोटेस्टंट असा भेद डोळ्यांपुढे येतो, आणि बेनेडिक्टाइन तर कॅथलिकच. मराठी ख्रिस्ती मंडळी जेझुइटांना ‘येशूसंघी’ म्हणतातच. या मठाला तर दोन्ही संघ माहीत आहेत: १०९३मध्ये स्थापना बेनेडिक्टाइनांसाठी, १८०२मध्ये सरकारजमा, १८६०च्या दशकापासून काही वर्षं येशूसंघीयांकडे आणि १८९२पासून पुन्हा बेनेडिक्टाइनांकडे.

‘जवळ’ राहू द्या. फक्त डबा भिंतीला लागून असेल तर ‘मठालगत’ आणि हद्दीच्या आत असेल तर ‘मठाच्या आवारात’ लिहा. शोधणाऱ्याला त्याने फरक पडतो.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘मारिया लाखच्या बेनेडिक्टाइन मठाजवळ एक जिओकॅश दडवलेला आहे.’ उच्चार ‘कॅश’ असाच करा. संगणकवाले ‘कॅशे’ म्हणतात, पण हा खेळ खेळणाऱ्यांच्या तोंडी ते रूप नाही.